पाठराखीण

मित्रांनो, असे समोर उभे राहू नका. या, खाली बसा आणि माझ्याकडे पाठ करा. खुशाल टेका. सदऱ्याला थोडं पांढरं लागेल, पण झटकलं की जातं ते.

टेकलात? आता सांगते.

मी एक जुनी भिंत आहे. मातीची. सोलापूरजवळच्या मंद्रूपमध्ये वेशीतून आत आलं की तिसऱ्या बोळात एक बसकं माळवदाचं घर लागतं. माळवद म्हणजे मातीचंच सपाट छप्पर. त्यावर मिरच्या वाळत घालता येतात. त्या घरातल्या मधल्या खोलीची, मावळतीकडची भिंत ती मी.

माझा जन्म कधी झाला ते मला नीट सांगता यायचं नाही, कारण जन्मण्याआधीही मी होते. गावाबाहेर एक उंचवटा आहे, त्याला पांढरी म्हणतात. फार फार पूर्वी गाव तिथं होतं. ती घरं पडली, पावसात विरघळली आणि त्यांची पांढुरकी माती झाली. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. म्हणून घर बांधायचं तर पांढरीची माती आणायची, अशी रीत. हिंदुराव नावाच्या शेतकऱ्यानं बैलगाडीनं मला आणलं. माझ्याबरोबर बांगड्यांचे काच आले, खापरं आली, ज्वारीचे जळके दाणे आले, राख आली. म्हणजे बघा, जिची नावनिशाणी कुणालाच ठाऊक नाही अशा कितीतरी बायांच्या चुली माझ्या पोटात आहेत. एखाद्या संध्याकाळी त्या पेटल्यासारख्या वाटतात. घाबरू नका. मी जुनी आहे, मला असं वाटत राहतं.

हिंदुरावानं चिखल केला, त्यात कडब्याचा भुसा मिसळला, आठ दिवस कुजवला आणि घरच्या सगळ्यांनी तो पायांनी तुडवला. मग थरावर थर चढवला. मी दोन हात जाड आहे. माझ्यात एक देवळी आहे, म्हणजे दिवा ठेवायचा कोनाडा. ती इतकी खोल आहे, की आत पणती ठेवली तर उजेड बाहेर येतो, पणती दिसत नाही.

आणि काम? सोलापूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगावं! वैशाखात दुपारी ते माझ्या पाठीवर पडतं आणि माझ्यातून चालत आत यायला निघतं. पण मी जाड, ते हळू. आतल्या अंगाला पोचेपर्यंत दिवेलागण होते. तोवर माणसं अंगणात बाज टाकून गार वाऱ्याला बसलेली असतात. थंडीत मात्र तेच ऊन मोलाचं. दिवस मावळला, बाहेर वारं सुटलं, की आत माझं अंग ऊबदार लागायला लागतं. पोरं, मांजर, आजारी माणूस, सगळे मला चिकटून बसतात. या कामाचा मला फार अभिमान होता.

हिंदुरावाचा मुलगा धनाजी. त्याची बायको फुलाबाई.

फुलाबाई या घरात सून म्हणून आली, त्या वर्षापासून दर दिवाळीआधी तिनं मला शेणामातीचा हात दिला. भिंत लिंपण्याला आपल्याकडं ‘हात देणं’ म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेल. लिंपून झालं, की हातात उरलेला गोळा ती कवाडामागं थापायची आणि त्यावर आपला पंजा उमटवायची. कवाडामागची तेवढी जागा ती कधी लिंपायची नाही. दर वर्षी एक पंजा. हात धुता धुता मला म्हणायची, “घे गं बाई, मी दिला हात. आता तू दे.”

धनाजी ओसरीवरून हसायचा. “भितीसंगं बोलती व्हय गं?”

“तुमच्यासंगं बोलून काय फायदा? तुमच्यापरीस हिला जास्त ऐकू येतंय.”

सत्तावीस पंजे झाले. काम नसलं की फुलाबाई देवळीखाली बसायची, डोकं आणि पाठ मला टेकून. शेंगा फोडायची, लसूण सोलायची. अशाच एका श्रावणातल्या दुपारी ती शेंगा फोडत बसली होती आणि तिचे हात थांबले.

धनाजी शेतातून आला तेव्हा तिला जाऊन तास झाला होता. त्याला वाटलं, डुलकी लागलीय. तिच्या अंगावर चादर घालताना त्याचा हात तिच्या पाठीला लागला आणि मग लोक जमले, डॉक्टर आले, सगळं कळलं, तरी तो एकच बोलत राहिला. “आवं, पाठ गरम हाय तिची. हात लावून बघा की.”

पाठ खरंच गरम होती. मित्रांनो, त्या तासाभरात तिची ऊब माझ्यात आली होती आणि मी ती परत तिला लावत होते. मला वाटलं, जमेल. नाही जमलं. लोकांनी तिला उचललं, तेव्हा उरली ती ऊब मी आत ओढून घेतली आणि सोडली नाही. ऊन रोज येतं आणि रोज जातं. ही तेवढी राहिली. कशी ते मला विचारू नका.

आता ऋतुराज. फुलाबाईचा एकुलता मुलगा. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला, रोज मोटारसायकलनं जाऊन येऊन. घरात माणूस गेलं, की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणून घाईनं त्याचं लग्न ठरलं. मुलगी अकलूजची, वैष्णवी. त्या दिवाळीला मला हात द्यायला कुणी नव्हतं. माझे पोपडे निघाले होते. ऋतुराज कवाडामागं उभा राहून आईचे पंजे बघायचा. एक पंजा पावसाच्या शिंतोड्यानं पुसट झाला होता.

तो गवंड्याला घेऊन आला. गैबीसाब गवंडी म्हणजे धनाजीचा लहानपणापासूनचा दोस्त. गावातल्या निम्म्या घरांवर त्यांची थापी फिरलेली.

“चाचा, ही समदी भिंत शिमिटनं गिलावा करा. वर ऑइलपेंट. पिस्ता कलर.”

“मातीच्या तोंडाला शिमिट?” गैबीसाबनं माझ्या अंगावरून हात फिरवला. “बाबा, तिचा दम कोंडंल. आन् आजून वल गेली न्हाय हिची. तुझ्या आईगत शेनमाती लाव की.”

“कोन लावनार? आन् आईचं हात पुसाय लागलेत, चाचा. वरनं शिमिट बसलं म्हंजी आत कायम ऱ्हातील.”

गैबीसाबनं सिमेंट कालवायला घेतलं. ज्या पोराची आई गेली, त्याला काय बोलणार? त्यांनी गिलावा केला. सत्तावीस हात आत गेले.

ऋतुराजनं जे केलं, ते मायेनं केलं. रागानं केलं असतं तर मला इतका त्रास झाला नसता. तुमच्या तोंडावर कुणी ओली गोधडी घट्ट बांधली आणि वर म्हणालं, थंडी वाजू नये म्हणून बांधलीय, तर तुम्ही कुणावर ओरडाल?

वैष्णवी लग्न होऊन आली, तेव्हा मी पिस्ता रंगाची, गुळगुळीत, चकचकीत होते. पाव्हण्यांनी माझी तारीफ केली. नव्या नवरीसोबत सासरी दोन दिवस राहायला माहेरची एक बाई येते, तिला पाठराखीण म्हणतात. वैष्णवीची मावशी यायची होती, ती ऐनवेळी तापानं पडली. वैष्णवी एकटीच आली. पुढं कशावरूनही भांडण झालं, की ती नवऱ्याला म्हणायची, “पाठराखीण नव्हती ना, म्हणून एकटी सापडले तुम्हाला.” तो हसायचा. पण हसणं थांबल्यावर ती इकडंतिकडं बघायची, ते मी बघत होते.

मग पावसाळा आला. माळवदाच्या कडेनं पाणी माझ्यात उतरलं. आधीही उतरायचं, पण चार दिवसांच्या उन्हात दोन्ही अंगांनी उडून जायचं. आता आतल्या अंगाला वाट नव्हती. पाणी माझ्यात साचत गेलं. गणपतीच्या सुमारास पिस्ता रंगावर, देवळीखाली, एक डाग उठला.

आधी बशीएवढा गोल. मग त्याच्याखाली दोन्हीकडं उतरते खांदे. मग पाठ. गौरी येईपर्यंत ती खाली बसलेली बाई झाली होती.

ऋतुराजनं त्यावर रंग मारला. आठ दिवसांत ती परत आली. पुन्हा मारला. या वेळी खांदे आधी आले.

धनाजीनं त्या खोलीत झोपणं सोडलं, पण सकाळी चहा घेऊन तो दारात बसायचा आणि डागाला विचारायचा, “बरी हाईस न्हवं?” शेजारच्या बायका कुजबुजल्या. कुणी लिंबू-मिरची बांधून गेली. वैष्णवीला दिवस गेले होते. तिला सगळ्यांनी एकच बजावलं, त्या डागाकडं पाठ करायची नाही. ती बिचारी माझ्याकडं तोंड करूनच खोलीत वावरायची. झाडताना, कपडे घडी करताना, सारखी तिची नजर माझ्यावर. मला तिला सांगायचं होतं, की पोरी, मलाही ठाऊक नाही ते काय आहे. मी करत नव्हते ते. किंवा करत होते. पाण्यात बुडणाऱ्याला आपले हातपाय कळतात का?

डोहाळजेवण करून माहेरी पाठवायचं ठरत होतं, तेवढ्यात आठव्या महिन्यातच वैष्णवीला कळा आल्या. मुलगी झाली. मूठभर. सोलापूरच्या दवाखान्यात तीन आठवडे काचेच्या पेटीत ठेवली आणि पौष महिन्यात घरी आणली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीला थंडी लागू द्यायची नाही. छातीशी धरा, तळपाय बघत राहा, गार लागले तर लगेच घेऊन या.

आणि त्यांनी तिला माझ्या खोलीत आणलं.

मित्रांनो, आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते. मी पाण्यानं भरले होते, आडासारखी गार पडले होते, आणि गार वस्तू शेजारची ऊब ओढते. मी त्या मूठभर पोरीची ऊब ओढत होते. मला कळत होतं आणि मला थांबता येत नव्हतं. वैष्णवी तिला छातीशी धरून बसायची. पोरीचे तळपाय चाचपायची. बाज माझ्याजवळ असली की ते गार पडत. दूर, ओसरीच्या बाजूला सरकवली की हळूहळू कोमट होत. तीन दिवस तिनं हे नीट पाहिलं. चौथ्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, ही भिंत पाडा. नाहीतर मला अकलूजला सोडा. ती माझ्या लेकीला ओढतेय.”

“कोन ओढतंय?” दारातून धनाजी म्हणाला.

वैष्णवी डागाकडं बघत राहिली, मग सासऱ्यांना म्हणाली, “मामा, मला तुमचं दुःख कळतं. पण ही एवढीशी आहे हो.”

धनाजीनं चहाची कपबशी खाली ठेवली. मग म्हणाला, “बोलव गैबीला.”

गैबीसाब सकाळच्या उन्हात आले. वैष्णवी पोरीला घेऊन बाहेर ओसरीवर बसली होती. त्यांनी तळवा माझ्यावर ठेवला, कान लावला, मग नखानं खरवडून जिभेवर ठेवलं.

“आरं, भित हाय का लोनचं?” धनाजी म्हणाला. त्या घरात कित्येक दिवसांनी कुणीतरी चेष्टा केली.

“खारट हाय. लोना आलाय, मातीतलं मीठ भाईर फुटलंय.” गैबीसाब थुंकले. “भूत न्हाय रं, पानी हाय. पोट फुगलंय हिचं पान्यानं. मी तवाच बोल्लो व्हतो.”

“मग आईगत का दिसतंय, चाचा?” ऋतुराजनं विचारलं.

“सत्तावीस वर्सं तेलाचं डोकं आन् घामाची पाठ हितंच टेकली की. तितली माती येगळी झाली. पानी तितनंच भाईर आलं.” मग जरा थांबून, हळू आवाजात, “आसंच आसंल.”

“पाडायची का?”

“पाडून काय करतो? जित्ती हाय ती. तोंड सोड तिचं.”

त्यांनी छिन्नी लावली. पहिला तुकडा कवाडामागचा निघाला, परातीएवढा. ऋतुराजनं तो दोन्ही हातांनी झेलला आणि उलटा केला.

गिलावा ओल्या मातीत घुसून सुकला होता आणि त्यानं पंज्यांचा साचा घेतला होता. तुकड्याच्या मागच्या अंगाला हात उभे होते. खोलगट नाहीत, वर आलेले. बोटं, तळवे, मनगटाची सुरुवात. जणू आतून कुणीतरी ढकलत होतं. पाठोपाठ तिथले बाकीचे तुकडेही तसेच निघाले; माझ्यावर मात्र एकही पंजा राहिला नव्हता. हात जपायला लावलेलं सिमेंट सगळे हात घेऊन निघालं.

ऋतुराजनं हातातला तुकडा अलगद जमिनीवर ठेवला. “माझ्यामुळं गेले,” एवढंच म्हणाला.

धनाजी जवळ आला. त्यानं एका हातावर आपला हात ठेवला. तळव्याला तळवा, बोटाला बोट. पंज्यावर पंजा लावून बसलेल्या त्या माणसाकडं गैबीसाबनं पाहिलं, आणि पाण्याचं निमित्त करून ते बाहेर गेले.

बाकीचा गिलावा दुपारपर्यंत निघाला. डाग पोपड्यांबरोबर गेला. पंधरा दिवस मला दोन्ही अंगांनी ऊन-वारा दाखवला. ओसरीला चादरी बांधून मायलेकी तिथंच राहिल्या. मग प्रश्न आला, हात कुणी द्यायचा? बाळंतीण चिखलात हात घालणार नाही. ऋतुराजनं बाह्या वर केल्या.

“हात हाय का खुरपं?” गैबीसाब ओरडले. “भाकरी थापल्यागत थाप. टॉवेल झटकतो काय?”

“बाप्या मानसाचं काम हाय व्हय हे, चाचा?”

“तुझ्या आज्यानंच उभी केली की हिला! त्यो काय बाई व्हता?”

ओसरीवरून वैष्णवी हसली. ऋतुराजनं वेडंवाकडं का होईना, पुरं लिंपलं. शेवटचा गोळा त्यानं कवाडामागं थापला, पंजा उमटवला, आणि कुणी ऐकत नाही असं बघून म्हणाला, “घे गं. दिला.”

मला वाटलं, आता सगळं बरं होईल. मी वाळत होते, दम घेत होते. रोजचं ऊन पुन्हा माझ्यातून चालायला लागलं होतं.

आणि मग आभाळ आलं. भर थंडीत तीन दिवस ऊन नाही, नुसतं करडं आभाळ आणि झोंबरं वारं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीच्या चादरी फडफडून सुटल्या, लाईट गेली. वैष्णवीनं पोरीचे तळपाय चाचपले. गार. पुन्हा चाचपले. ऋतुराज नुकताच आला होता, तो तसाच गाडी बघायला पळाला. सोलापूरला न्यायचं होतं. धनाजी चूल पेटवायला धावला.

वारं न लागणारी एकच खोली होती. वैष्णवी दारात उभी राहिली. माझ्याकडं तोंड करून. देवळीत धनाजीनं पणती लावली होती. पोर रडतही नव्हती, आणि तेच वाईट होतं.

ती आत आली. पोरीला कपड्याआत उघड्या छातीशी धरलं, वरून शाल लपेटली. पोरीला आईची ऊब मिळत होती, पण आईच थरथरत होती. तिला कोण ऊब देणार? ती क्षणभर थांबली. मग डाग उठल्यापासून पहिल्यांदा तिनं माझ्याकडं पाठ केली आणि देवळीखाली टेकून बसली.

माझ्यात ऊन नव्हतं, मित्रांनो. तीन दिवसांचं आभाळ. माझ्याजवळ फक्त एक गोष्ट होती. दीड वर्ष राखलेली. ती दिली की माझी फुलाबाई मला उरणार नव्हती.

“मी दिला हात. आता तू दे.”

मी दिली.

वैष्णवी एकदम ताठ झाली. ती ऊब भिंतीसारखी सपाट नव्हती. मध्ये कण्याची पन्हाळ, दोन्हीकडं खांद्यांची हाडं, डोक्याशी तेलाचा मंद वास. तिच्या पाठीला कुणाची तरी पाठ लागली होती. ती ओरडेल, उठून पळेल असं मला वाटलं. तिनं हळूच मान वळवली, अर्ध्यावर थांबवली, आणि वळवली नाही. तिचं थरथरणं थांबलं. तिनं अंग सैल सोडलं. पूर्ण भार टाकला.

बऱ्याच वेळानं शालीआड पोर कुरकुरली. मग भोकाड पसरलं. वैष्णवीनं तळपाय चाचपले. कोमट. पुन्हा चाचपले.

बाहेर गाडीचा आवाज आला. ऋतुराज धापा टाकत आत आला. “चल, ऊठ लवकर. एकटीच बसलीस व्हय अंधारात?”

“एकटी कुठं?” वैष्णवी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. “माझी पाठराखीण आली की. जरा उशिरा आली, एवढंच.”

दवाखान्यात नेऊन आणलंच त्यांनी. पोर ठीक होती. पुढच्या आठवड्यात आशाताईंनी काट्याला झोळी लावली, तेव्हा वजनही चढलं होतं. आज ती पोर माझ्या आधारानं उभी राहते आणि माझी माती चाटते, म्हणून आईच्या शिव्या खाते. कवाडामागं आता तीन पंजे आहेत. एक वेडावाकडा, एक नीट, आणि एक भजीएवढा.

मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखी कुणी असेल तर तिच्यावर लगेच रागावू नका, आणि फार माया करून तिचं तोंडही बांधू नका. वर्षातून एकदा हात द्या. नुसता हात. आम्ही मातीची माणसं, घेतलेलं विसरत नाही.

फुलाबाई? ती माझ्यात नाही आता. त्या संध्याकाळी मी सगळी दिली, कणभर राखली नाही.

चला, उठा. दिवेलागण झाली, घरी वाट बघत असतील. पाठ छान शेकली ना तुमची? किती वेळ हलला नाहीत.

जाताना एकदा वर मात्र बघा. सकाळपासून आभाळ आहे आज, ऊन पडलेलंच नाही.